आधी आईंसाठी एसी लावा, अ‍ॅव्हरेजचं मग पाहू

पत्र : काकाजी, नमस्कार. पंधरा वर्षं स्कूटरवर काढली आणि यंदा गुढीपाडव्याला घरातली पहिली चारचाकी घेतली. १.२ लीटरचं पेट्रोल इंजिन, हातानं टाकायचे गिअर. माहितीपत्रकात लीटरला २० किलोमीटरच्या वर अ‍ॅव्हरेज छापलं आहे, मला ११.४ मिळून राहिलं. मनीषनगरहून इतवारीत दुकानावर जाणं-येणं, रोज १८ किलोमीटर. एकीकडून पाऊण तास लागतो, त्यातली पंधरा मिनिटं तर सिग्नलवर आणि जाममध्येच जातात. दर वेळी हजाराचं पेट्रोल टाकतो आणि काटा पुन्हा पहिल्या जागी आला की किलोमीटर मोजतो. समृद्धीनं शिर्डीला जाऊन आलो, तिथेही १४.५ च्या वर गेलं नाही. बाबांनी शिकवल्याप्रमाणे सकाळी पाच मिनिटं इंजिन गरम करतो, नवीन इंजिनावर जोर पडू नये म्हणून वरचा गिअर उशिरा टाकतो, पुलाचा उतार लागला की न्यूट्रल करतो. तरी हे हाल. शोरूमवाले आधी म्हणाले हजार किलोमीटर होऊ द्या, आता तीन हजार म्हणतात. साळा म्हणतो डिझेल घ्यायला पाहिजे होती. शेजारी म्हणतात सगळं इथेनॉलमुळं. पंधरा दिवसांपासून एसी बंद ठेवला तर १२ आलं. परवा आईला दवाखान्यात नेलं, ती घामानं चिंब झाली, पण बोलली काही नाही. गाडीत फॉल्ट आहे का? पेट्रोलमध्ये टाकायचं औषध मिळतं ते टाकू, की सीएनजी किट बसवू?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर :

भाऊ, तुमच्या पत्रात आठ-दहा प्रश्न आहेत. मी मात्र शेवटून दुसऱ्या मुद्द्यापाशीच अडकलो. आईंना दवाखान्यात नेताना एसी बंद होता. कशासाठी, त्याचा हिशेब तुमच्याच आकड्यांनी मांडू. महिन्याचे २६ दिवस दुकान धरलं तर ४६८ किलोमीटर होतात. ११.४ नं भागा, ४१ लीटर. १२ नं भागा, ३९ लीटर. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर दोन लीटरचे होतात २०८ रुपये. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ ला टेकलेला असताना, अख्ख्या महिन्यात दोनशे आठ रुपये वाचवायला तुम्ही आईंना भट्टीत बसवलं. घरी कूलरच्या पंपाला आणि पाण्याला यापेक्षा जास्त खर्च होत असेल. तेव्हा पुढचं वाचायच्या आधी एवढं ठरवा, की एसी सुरू राहील. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, अजून यायचा आहे.

एसी कसा लावायचा, हे मात्र सांगतो. गाडी उन्हात उभी असेल तर आत बसल्याबरोबर काचा लावून एसी फुल्ल करू नका. चारही काचा खाली घेऊन पहिली दोन मिनिटं चालवा, आतली कोंडलेली हवा निघून जाऊ द्या. मग काचा वर, एसी सुरू, आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण बंद करून आतलीच हवा फिरवणारं लावा. कम्प्रेसरचं काम तिथेच बरंच हलकं होतं. दुकानासमोर सावली मिळत नसेल तर समोरच्या काचेला पडदा लावा. एवढं केलं तरी एसी पेट्रोल खाणारच. शहरात ढोबळ मानानं दहा टक्के, जाममध्ये त्याहून जास्त. खाऊ द्या.

आता तुमचा ११.४ हा आकडा. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण खरा आहे हे तुम्हालाही माहीत नाही. हजाराचं पेट्रोल म्हणजे साडेनऊ लीटरच्या आसपास. तेवढं टाकून काटा पाहायचा आणि काटा परत आला की भागाकार करायचा, ही आपल्याकडची सर्रास पद्धत, आणि तितकीच बेभरवशाची. काटा असो की स्क्रीनवरच्या दांड्या, टाकीचा आकार सरळ डब्यासारखा नसतो, त्यामुळे वरची दांडी हळू उतरते आणि खालची भरभर, किंवा उलट. गाडी उतारावर उभी असेल तरी काटा वेगळं सांगतो. साडेनऊ लीटरमध्ये एका लीटरची चूक झाली की अ‍ॅव्हरेज एका फटक्यात दहा टक्क्यांनी इकडंतिकडं होतं.

टाकी फुल्ल करून मोजा. घराजवळचा एक पंप ठरवा, शक्य तर तेच मशीन. झिरो पाहा, भरायला सांगा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबवा. पंपावरची पोरं राउंड फिगर करायला आणखी थोडं कोंबतात, ते करू देऊ नका. हिशेब तर बिघडतोच, शिवाय पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल जाऊन तो खराब होतो. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. किमान ३०० किलोमीटर चालवा. पुन्हा त्याच मशीनवर, त्याच पद्धतीनं फुल्ल करा. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी गेलेले लीटर, हे तुमचं अ‍ॅव्हरेज. असं तीन वेळा करा आणि तिन्ही वेळचे किलोमीटर व लीटर एकत्र करून एकदाच भागा. पंपाच्या मापावरच शंका असेल तर पाच लीटरचं शिक्का मारलेलं माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. पाच लीटरमागे २५ मिलीलीटरपर्यंतचा फरक नियमात बसतो.

तीन टाक्या मोजल्यावर तुमचा आकडा १२-१३ च्या आसपास आला तर मला आश्चर्य वाटणार नाही. का, ते सांगतो.

माझी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. तिथे अ‍ॅव्हरेज लीटरवर नाही, दहा लीटरवर मोजतात, त्याला केपीटीएल म्हणतात. एकच बस, एकच मार्ग, डिझेल एकाच टाकीचं, आणि दोन चालकांच्या केपीटीएलमध्ये चार-पाचचा फरक. चालक भांडायला यायचे, की साहेब, गाडीत खराबी आहे. आम्ही विचारायचो, काल ती दुसऱ्याच्या हातात होती तेव्हा खराबी कुठं गेली होती? आणि त्याच बसला त्याच चालकासकट बाजाराच्या दिवशी गर्दीच्या गावातून पाठवलं की केपीटीएल आपोआप पडायचं. तिथून मला सवय लागली. कुणी अ‍ॅव्हरेज सांगितलं की मी आधी रस्ता विचारतो.

तुमचा रस्ता घ्या. जाऊन-येऊन अर्धा तास गाडी उभी. उभ्या गाडीचं इंजिन, एसी सुरू असेल तर, तासाला पाऊण ते एक लीटर पेट्रोल जाळतं. म्हणजे एकही किलोमीटर न चालता रोज जवळपास अर्धा लीटर गेलं. उरलेल्या वेळात गाडी चांगली, अगदी १७.५ च्या हिशेबानं चालली असं धरू. १८ किलोमीटरला एक लीटर आणि वर थोडं. दोन्ही मिळून दीड लीटर. अठराला दीडनं भागा. बारा! गाडी चालताना साडेसतरा देते आहे आणि तुमच्या वहीत बारा लिहिलं जातं. वर्धा रोडच्या सिग्नलांवर, कॉटन मार्केटच्या गर्दीत आणि इतवारीतल्या हातगाड्यांमागे जे जळतं, ते कुठल्याच मेकॅनिकला पाना फिरवून दुरुस्त करता येत नाही.

मग माहितीपत्रकातले वीस आले कुठून? तो आकडा प्रयोगशाळेतला. गाडी रोलरवर चढवतात, चाकं जागच्या जागी फिरतात, आणि ठरलेल्या आराखड्याप्रमाणे वेग कमी-जास्त करतात. पुण्याची एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते म्हणून लोक त्याला एआरएआयचं अ‍ॅव्हरेज म्हणतात. चाचणीच्या आराखड्याचं नाव मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, लघुरूप एमआयडीसी, आपल्या हिंगण्याच्या एमआयडीसीशी त्याचा काही संबंध नाही. अख्खी चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांच्याही आतली. जास्तीत जास्त वेग ९०, सरासरी ३२ च्या आसपास. थांबे त्यातही आहेत, पण एसी बंद, ऊन नाही, खड्डा नाही, मागच्या सीटवर कुणी नाही. तुमचे ९ किलोमीटर पाऊण तासात होतात, म्हणजे तुमची सरासरी १२. त्या आकड्याचा उपयोग दुकानात दोन गाड्या शेजारी ठेवून तुलना करायला. महिन्याच्या पेट्रोलचं बजेट त्यावर बसवू नका.

शिर्डीचे १४.५ मात्र तुमच्या पायाचे आहेत. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे आणि रस्ता इतका मोकळा, की काटा तिथे कधी जातो ते कळत नाही. पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० वरून १२० ला गेलात, वेग दीडपट झाला, हवेचा विरोध सव्वादोन पट. वर चार माणसं, डिकीत सामान, उन्हात फुल्ल एसी. त्यात १४.५ म्हणजे गाडीनं इमान राखलं म्हणायचं. पुढच्या वेळी ९० नं जाऊन पाहा, डावीकडची किंवा मधली लेन धरून, उजवी लेन ओव्हरटेकवाल्यांना मोकळी ठेवून. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर आहे. ९० ला १९ जरी मिळालं तरी एका बाजूनं आठ लीटरच्या वर वाचतं, म्हणजे साडेआठशे रुपये, आणि वेळ जातो जास्तीचा साधारण दीड तास. दीड तास महाग की साडेआठशे, ते तुमच्या घरचं गणित. मी सांगणार नाही.

तुमच्या तीन सवयी मात्र सोडवायच्या आहेत.

सकाळचं गरम करणं. बाबांचं चुकलं नाही, त्यांच्या काळी कार्ब्युरेटर होता आणि थंड इंजिन चोक दिल्याशिवाय चालायचं नाही. तुमच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. सुरू करा, पट्टा लावा, आरसा पाहा, निघा. पहिला किलोमीटर-दीड किलोमीटर हळू चालवा म्हणजे इंजिन चालता चालताच गरम होतं. तुमच्या पाच मिनिटांत महिन्याला दीड लीटर जातं. एसी बंद ठेवून जेवढं वाचवलं त्यातलं बरंचसं तुम्ही रोज सकाळी अंगणातच जाळत होता.

वरचा गिअर उशिरा टाकणं. नवीन इंजिनाला काळजीनं वागवायचं म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये ते किंचाळत ठेवायचं नव्हे. आपलं नागपूर सपाट आहे. तीस-पस्तिसला तिसरा, पंचेचाळीसच्या आसपास चौथा, सहज जातो. डॅशबोर्डवर वर जाणारा बाण दिसतो ना, त्याचं ऐका. फक्त इंजिन थरथरायला लागलं की एक गिअर खाली या.

आणि न्यूट्रल. हे जवळजवळ प्रत्येक स्कूटरवाला करतो, मीही करायचो. पण इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना पाय उचलला की संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला पेट्रोल प्यावं लागतं. म्हणजे वर्धा रोडच्या पुलावरून उतरताना पेट्रोल वाचवायला म्हणून तुम्ही ते उलट जाळत होता. वर ब्रेकवरचा भार वाढला तो वेगळाच. उतारावर गिअरमध्येच राहा. लांबून सिग्नल लाल दिसला तर तेव्हाच पाय उचला, तिथपर्यंत पळवत नेऊन ब्रेक मारू नका. शहरात पेट्रोल वाचवायचा याच्यापेक्षा मोठा उपाय माझ्याकडे नाही.

हवेचं पाहा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर किती पीएसआय ते लिहिलेलं आहे. सकाळी, टायर थंड असताना, घराजवळच्या पंपावर पंधरा दिवसांतून एकदा भरा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते, ती काढायच्या भानगडीत पडू नका. नायट्रोजनसाठी पैसे देऊ नका, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

शेजाऱ्यांचं इथेनॉल. त्यात तथ्य आहे, पण ते म्हणतात तेवढं नाही. एक लीटर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते. वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या मानानं लीटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही हेच आहे. ज्या चारचाकी मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवल्या, त्यांच्यात ६ ते ७ टक्के घट धरली आहे. १० साठी बनवून २० साठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के. तुमची गाडी नवी आहे. अगदी वाईट बाजू धरली तरी विसाचे साडेअठरा होतील, साडेअकरा होणार नाहीत. माझ्या जुन्या गाडीवर मला फरक जाणवतो आणि मी चिडतो, ते वेगळं. तुमच्या वहीतल्या तुटीचा हा एक छोटासा तुकडा आहे, एवढंच.

साळेबुवांना सांगा, रोज नऊ-नऊ किलोमीटर रखडत जाणाऱ्याला आजची डिझेल म्हणजे डोकेदुखी झाली असती. नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती जळून साफ व्हायला लांब, सलग चालवावं लागतं. इतवारीत ती साफ होत नाही, दिवा लागतो आणि गाडी वर्कशॉपात जाते. पेट्रोल घेतलीत ते बरोबर केलंत.

औषध टाकू नका. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही टाकू नका, ज्या इंजिनाला साधं पुरतं त्याला त्यानं अ‍ॅव्हरेज वाढत नाही. बाहेरून सीएनजी किट बसवलं तर वॉरंटीचा वाद उभा राहील आणि डिकी जाईल, आणि महिन्याला पाचशेच्या आत किलोमीटर चालणाऱ्याला किटचे पैसे वसूल व्हायला वर्षं लागतील. संगणकाचं सेटिंग बदलून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्यापासून चार हात लांब राहा.

शोरूमवाल्यांचं अर्धं खरं आहे. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना बसायला थोडं चालावं लागतं, त्यानं अर्धा-एक किलोमीटर सुधारतो. आठ किलोमीटर सुधारत नाहीत. तेव्हा तीन हजारांची वाट पाहत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. फॉल्ट आहे का ते असं ओळखा. सकाळी आउटर रिंग रोडवर किंवा रामटेकच्या रस्त्यावर ८० च्या एकसारख्या वेगानं शंभरेक किलोमीटर करा, आधी फुल्ल, नंतर फुल्ल. एसी लावून १७-१८ किंवा वर आलं तर गाडी ठणठणीत आहे. तेराच्या खाली राहिलं तर काहीतरी आहे. परत आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या, हात लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर ब्रेक धरून राहतो आहे. गाडी एका बाजूला ओढते का, पेट्रोलचा वास येतो का, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो का, तेही पाहा. यातलं काही असेल तर सर्व्हिस सेंटरला अ‍ॅव्हरेज टेस्ट मागा. मोजलेलं पेट्रोल वेगळ्या बाटलीतून देऊन ते तुमच्यासोबत गाडी चालवून दाखवतात. तक्रार तोंडी नको, जॉबकार्डवर लिहून घ्या, त्याची प्रत घरी ठेवा. पुढे ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो.

हे सगळं करून तुम्ही १४ पर्यंत याल, एसीसकट. आजच्या मानानं महिन्याला सातशे-आठशे रुपये वाचतील. त्याहून जास्त हवे असतील तर एक उपाय आहे, त्याला गाडीची गरज नाही. जयप्रकाशनगर स्टेशनहून मेट्रोत बसा, सीताबर्डीला बदला, अग्रसेन चौकात किंवा चितार ओळीला उतरा आणि दुकानापर्यंत चाला. हातात सामान नसेल त्या दिवशी, आठवड्यातून दोनदा. गंमत अशी, की समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा आणि आपल्या मेट्रोचा पहिला टप्पा, दोघांचंही उद्घाटन एकाच दिवशी झालं, ११ डिसेंबर २०२२ ला. तुम्ही पहिल्यावर १२० नं जाऊन आलात, दुसरीत बसलात का ते पत्रात नाही.

तीन टाक्यांचे आकडे आले की कळवा, किलोमीटर आणि लीटर दोन्ही लिहा, नुसतं अ‍ॅव्हरेज नको. ८० च्या वेगाची चाचणी रामटेकच्याच रस्त्यावर करणार असाल तर सकाळी सहाला निघा आणि आईंना सोबत घ्या. त्यांना पुढच्या सीटवर बसवा. एसीची जाळी त्यांच्याकडे वळवा, पण थेट तोंडावर नको, त्या वयात मान धरते.